मदत हवी आहे: दादाच्या कॅसेटवरचं ब्राझिलियन मेटल ओळखून द्या

राम राम मंडळी,

माळा आवरताना दादाची एक ९० मिनिटांची कॅसेट सापडली. दादा मर्चंट नेव्हीत होता. ब्राझीलच्या सान्तोस बंदरात त्याची बोट लागायची, तिथेच कोणाकडून तरी भरून घेतलेली दिसते. कव्हरवर बॉलपेनने ए बाजूला 'सेपुल्तुरा' लिहिलंय, बी बाजू कोरी. मध्ये एक बाण आणि त्याखाली : 'वॅग्नर आधी इकडे, मग तिकडे'. दादाला विचारलं तर म्हणाला, "असेल काहीतरी. कॅसेट लागतेय का ते सांग आधी."

सेपुल्तुरा हा ब्राझीलचा मेटल बँड मी ऐकला तो 'रूट्स' या अल्बमपासून. हे तसं अजिबात वाटत नाही. ए बाजू सुरू होते ती प्रचंड कोरस आणि ऑर्केस्ट्राने. मला वाटलं, दादाने चर्चच्या कॅसेटवरच भरून घेतलं की काय. मग एकदम गिटारी सुटतात, आणि त्या चक्क बेसूर आहेत. बी बाजूला वेग भन्नाट, पण गाणारा मध्येमध्ये बदलतो आणि काही गाणी इंग्रजी नाहीत एवढं नक्की.

हे नेमकं काय आहे? हा वॅग्नर कोण? आणि तिसरं : बी बाजू संपता संपता आवाज एकदम दबला. बघितलं तर पट्टीमागचा फेल्टचा छोटा तुकडा सुटून आत खुळखुळतोय. डिजिटल करायच्या आधी काय करू?

खडखडाट :

ए बाजू म्हणजे सेपुल्तुराचा 'मॉर्बिड व्हिजन्स' हा अल्बम, १९८६. तो कोरस कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'तला 'ओ फॉर्च्युना'. पोरांनी सरळ उचलून सुरुवातीला लावला, नाव-गाव न देता. पुढच्या बऱ्याच आवृत्त्यांतून तो काढून टाकला. म्हणजे दादाला ज्याने भरून दिली त्याच्याकडे जुनी प्रत असणार. जपून ठेवा!

गिटारी बेसूर आहेत हे तुमच्या डेकचं पाप नाही. तेव्हा बँडमधली सगळी पोरं विशीच्या आतली, नीट सुरात लावायची अक्कलही नव्हती आणि साधनंही. त्यातले गिटारवाला मॅक्स आणि ड्रमर इगोर काव्हालेरा हे सख्खे भाऊ. वडील लहानपणीच गेले, घराची घडी विस्कटली. बँड १९८४ ला बेलो होरिझोन्ती शहरात सुरू झाला. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे शब्द कसे आहेत ते ऐकताय तुम्ही. मला मात्र नंतरच्या चकाचक रेकॉर्डपेक्षा हीच आवडते.

फोंडेकार :

पोर्तुगीजमध्ये सेपुल्तुरा म्हणजे थडगं. मोटरहेड या इंग्लिश बँडच्या एका गाण्याचं भाषांतर करताना मॅक्सला तो शब्द सापडला. आमच्याकडे जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर जमिनीकडे बघा. फरशी म्हणून थडग्यांचेच दगड बसवलेत, त्यांवर हा शब्द कोरलेला सापडतो. कॉलेजात असताना आम्ही मित्र तिथे फोटो काढत बसलेलो, राखणदाराने हाकललं.

बेलो होरिझोन्ती मिनास जेराइस राज्यात आहे. मिनास म्हणजे खाणी. सोन्यावर उभी राहिलेली बरोक चर्चेस, कडक कॅथलिक वातावरण, त्यात १९६४ ते १९८५ लष्करी राजवट. तिथली पोरं सैतानाच्या नावाने का ओरडायला लागली हे गोव्यातल्या माणसाला फारसं समजावून सांगावं लागत नाही.

जुनी_टेप :

वॅग्नर म्हणजे वॅग्नर लामुनिये, सेपुल्तुराचा पहिला गायक. १९८५ ला, काही रेकॉर्ड व्हायच्या आतच, तो बाहेर पडला. मग गाण्याचं काम मॅक्सवर आलं. म्हणजे दादांचा बाण बरोबर, पण ए बाजूवर वॅग्नरचा आवाज नाहीच! त्याचे शब्द मात्र राहिले : आधीच्या 'बेस्टियल डेव्हस्टेशन' या रेकॉर्डमधल्या 'अँटिक्राइस्ट' गाण्याचे. आणि गडी गेला कुठे, तर सार्कॉफागो या दुसऱ्या बँडमध्ये. सेपुल्तुरा म्हणजे थडगं, सार्कॉफागो म्हणजे शवपेटी.

सार्कॉफागोची 'आय.एन.आर.आय.' ही रेकॉर्ड १९८७ ची. कव्हरवर चेहरे काळे-पांढरे रंगवलेले, अंगावर काडतुसांचे पट्टे. पुढे नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी (मेटलचाच एक जहाल प्रकार) जो अवतार जगभर नेला, तो इथे आधीच दिसतो. ड्रमर डी. डी. क्रेझीचा वेग आजही अंगावर येतो. १९९४ च्या 'हेट' या अल्बमवर तर त्यांनी ड्रमर सोडून मशीनच लावलं (मला नाही झेपलं). सगळ्यात भारी म्हणजे वॅग्नर पुढे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, बेलो होरिझोन्तीतल्याच विद्यापीठात.

पण तुमची बी बाजू 'आय.एन.आर.आय.' नसावी, कारण गाणारा बदलतोय. ते १९८६ चं 'वॉरफेअर नॉइझ' संकलन वाटतं, चार बँडचं : चाकाल, म्युटिलेटर, सार्कॉफागो आणि होलोकाउस्तो. पोर्तुगीजमध्ये गाणारे ते होलोकाउस्तो. चौघांची रेकॉर्ड काढली कोगुमेलोने. ते मुळात बेलो होरिझोन्तीतलं रेकॉर्डचं दुकान, नावाचा अर्थ अळंबी. दुकानात येणाऱ्या पोरांचेच बँड, मग दुकानानेच लेबल काढलं. सेपुल्तुराची सुरुवातही तिथलीच.

कॅसेटचं : ती आता अजिबात लावू नका. कवच स्क्रूचं आहे की चिकटवलेलं ते बघा. स्क्रूचं असेल तर तशीच एक टाकाऊ कॅसेट घ्या, दोन्ही उघडा, आणि दादांची रिळं पट्टीसकट उचलून दुसऱ्या कवचात बसवा. पट्टी छोट्या चाकांवरून आणि फेल्टच्या पुढून जायला हवी. खाली पांढरा कागद अंथरा, चाकं उडतात. मग पेन्सिलने थोडं फिरवून मगच डेकला लावा.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. रविवारी केलं. स्क्रू पाच निघाले, बसवताना चारच सापडले, तरी चालतेय. कोरस ऐकू आल्यावर दादा स्वयंपाकघरातून बाहेर आला. वॅग्नर ए बाजूला गातच नाही हे सांगितलं तर कव्हर हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मग त्या सान्तोसवाल्याने मला उलटं सांगितलं." बाण खोडायला मात्र तयार नाही.

बी बाजूची यादी करतोय. चाकाल आणि म्युटिलेटर मला अजून वेगळे काढता येत नाहीत. 'जुनी_टेप', उद्या मिनिटं-सेकंद टाकतो, कोणतं कोणाचं ते सांगाल का?