मदत हवी आहे: बाबांना फ्लोरिडात माही-माही मासा पकडायला न्यायचंय, अख्खी बोट घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मेमध्ये मुलांच्या सुट्टीत आम्ही बडोद्याहून ओरलँडोला भावाकडे जातोय, बरोबर आई-बाबा. मुलांचं डिस्ने वगैरे ठरलंय, ते भाऊ बघेल. प्रश्न बाबांचा आहे.

बाबा मूळचे रेवदंड्याचे. नोकरीपायी बडोद्याला आले नि इथलेच झाले, पण गळ काही सुटला नाही. गावी गेले की पहाटे खाडीवर. काठीबिठी नाही. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, आणि दोरी तर्जनीवरून सोडून तासन् तास बसायचं. खाली खेकडा कुरतडतोय की मासा ओढतोय, ते त्यांना बोटालाच कळतं. भावाने त्यांना फ्लोरिडा कीज या बेटांवरच्या एका बोटीचा व्हिडिओ पाठवला, त्यात माही-माहीचा तो चौकोनी कपाळाचा हिरवा-पिवळा नर पाण्याबाहेर उड्या घेतोय. आता रोज जेवणानंतर तोच व्हिडिओ, आणि "हा आपल्याला ओढायला मिळेल का रे?"

तर कीजमधल्या आयलामोराडाला जायचा विचार आहे. बोटवाल्यांची पानं वाचून डोकं भणाणलंय. चार तास, सहा तास, आठ तास, स्वतंत्र, वाटून, हेडबोट (माणशी तिकिटाची मोठी बोट). चार तासांचं स्वस्त पडतं, पण तेवढ्यात हा मासा मिळतो का? हेडबोटीचं तिकीट तर बरंच कमी आहे, तिथे का जाऊ नये? बाबा सत्तरीचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आई मासे खात नाही, तरी बोटीवर येणारच म्हणते (बाबांवर लक्ष ठेवायला). आणि मासा मिळाला तर तो आपला की बोटीचा? एका मित्राने सांगितलं की मॉरिशसला बऱ्याच बोटी मासा स्वतःकडेच ठेवतात.

गेलेल्यांनी सांगा, कृपया. "अंदमानला जा की" हे सांगणाऱ्यांना आधीच उत्तर देतो: तिथेही जाऊ, पण मे महिन्यात नाही.

– रावपुऱ्याचा मुक्काम

---

मायामीवासी:

मे उत्तम. कीजच्या बाहेर माही-माहीचा हंगाम तेव्हा जोरात असतो, आणि वादळांचा मोसम अधिकृतपणे १ जूनला सुरू होतो, त्याच्या आधी तुम्ही परतलेले असाल.

हेडबोट विसरा. ती तीस-चाळीस जणांना घेऊन जवळच्या प्रवाळावर नांगर टाकते, तिथे स्नॅपर-ग्रुपर मिळतात. माही-माही खोल निळ्या पाण्यातला, गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या बाजूचा. तरंगत्या सरगॅसम शेवाळाच्या पट्ट्या, वाहून आलेलं लाकूड, असं काही दिसलं की त्याखाली झुंड असते. कप्तान दुर्बिणीतून घिरट्या घालणारे फ्रिगेट पक्षी शोधत बसतो. जाण्यायेण्यातच दोनेक तास सहज जातात, म्हणून चार तासांत हाती काय राहणार? आठ तास तुमच्या बाबांना जड होतील. सहा तासांची बोट घ्या, सकाळची. दुपारी गडगडाट सुरू होतो.

भाडं बोटीचं असतं, माणशी नाही. बहुतेक बोटींना सहाच प्रवाशांचा परवाना असतो, तुम्ही घरचेच तेवढे झालात की वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. मासेमारीचं लायसन वेगळं काढावं लागत नाही, बोटीच्या परवान्यात येतं. मात्र बोटीवरच्या मदतनिसाला भाड्याच्या १५ ते २० टक्के टीप द्यायची रीत आहे, ते आधीच हिशेबात धरा.

आईंसाठी एक नक्की विचारा: केबिन आणि संडास आहे का? उघड्या सेंटर कन्सोल बोटी वेगवान असतात, पण सावली नाही, आणि सहा तास उन्हात... नकोच.

मासा तुमचा. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत २० इंचांपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो. राज्याच्या हद्दीत २०२२ पासून माणशी ५ ची मर्यादा आहे, पूर्वी १० होती. धक्क्यावर तुकडे करून देतात, आणि जवळची काही हॉटेलं तुमचाच मासा शिजवून वाढतात. पकडल्यावर तो लगेच बर्फात जातोय ना, ते बघा. उन्हात पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, सगळी मजा जाते.

---

सराफ्यातला खवय्या (इंदूर):

आम्हाला समुद्र दोन्हीकडून लांब, तरी एक मोलाचा सल्ला. बोटीवर केळी नेऊ नका! तिकडचे कोळी अपशकुन मानतात. बडोदेकर म्हणजे केळ्याचे वेफर असणारच सामानात. ठेपले न्या.

---

रावपुऱ्याचा मुक्काम:

मायामीवासी, खूपच आभार. सहा तास नक्की केलं. वेफर आईच्या पिशवीतून काढायची जबाबदारी भावावर. बोट लागण्यावर काय करता? आणि बाबांचा हट्ट आहे की काठी नको, आपला तंगूस घेऊन जाणार.

---

मायामीवासी:

बोट लागायची गोळी आदल्या रात्री एक आणि सकाळी एक घेतात. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पण काकांचं रक्तदाबाचं औषध चालू आहे, तेव्हा कोणती घ्यायची ते बडोद्यातच डॉक्टरांना विचारून या. पोट रिकामं ठेवू नका, आलेपाक खिशात ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको.

तंगुसाचं म्हणाल तर मोठ्या नरावर अजिबात नको. पंधरा-वीस किलोचा मासा दोरी सरसर घेऊन जातो, हाताचं बोट कापेल. पण झुंडीतले लहान, दोन-तीन किलोचे, बोटीजवळ आले की मदतनीस गळाला लागलेला एक मासा पाण्यातच ठेवतो, म्हणजे बाकीचे हलत नाहीत. तेव्हा चिरलेलं आमिष टाकतात आणि मासे बोटीला खेटून फिरतात. त्या वेळी कप्तानाला विचारा, हातमोजे घालून काकांना दोरी टाकू द्या. बोट ठरवताना फोनवरच सांगून ठेवा, बहुतेक कप्तान हसून हो म्हणतील. दोरी मात्र जाड न्या, रेवदंड्याची खाडीवाली पुरणार नाही.