चेंडू आपटतच नाही, तरंगतो!

प्रश्न: ॲनिमेशनमध्ये टप्पे घेणाऱ्या चेंडूच्या वरच्या आणि जमिनीवरच्या पोझ दिल्या, मधलं सॉफ्टवेअरने भरलं. पण चेंडू फुग्यासारखा तरंगतोय. असं का?

उत्तर १: दोन की-फ्रेममधलं (म्हणजे तू स्वतः पोझ दिलेल्या चित्रांमधलं) अंतर सॉफ्टवेअर गणिताने भरतं; वजनबिजन त्याला कळत नाही. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचाल वक्रांत दाखवणारी खिडकी, उघड. उंचीच्या वक्राला वर गोलाई हवी, जमिनीशी टोक. तुझ्याकडे दोन्हीकडे गोलाईच असणार. बहुतेकदा डिफॉल्टच तसं असतं, वैताग नुसता!

उत्तर २: टायमिंगही बघ. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बुटका आणि कमी फ्रेमचा (कमी चित्रांचा) हवा.

प्रश्नकर्ती: आपटला एकदाचा! मग सरळ सिम्युलेशनच, म्हणजे सॉफ्टवेअरलाच भौतिकशास्त्राच्या नियमांनी हालचाल काढू देणं, का नको?

उत्तर १: चालेल की. पण मग चेंडू तुझं ऐकणार नाही. कापड, पाणी, धूर सिम्युलेशनवर सोड. पात्रांचा अभिनय मात्र स्वतः कर.