खोडदची जाळी आणि बारावीनंतरची पदवी

बारावीची विद्यार्थिनी, जुन्नर तालुका

सर्वांना नमस्कार. मी नारायणगावजवळच्या एका गावात राहते आणि यंदा बारावी विज्ञान शाखेत शिकते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मी लहानपणापासून लांबून पाहत आले आहे, पण मागच्या वर्षी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेले तेव्हा त्यांतली एक पहिल्यांदा जवळून पाहिली. ४५ मीटर व्यासाची ती तबकडी भरीव पत्र्याची नसून बारीक तारेच्या जाळीची आहे, आणि खाली उभे राहिले की जाळीतून आभाळ दिसते. जिच्यातून प्रकाश, वारा आणि पाऊस आरपार जातो, ती जाळी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र कशी परतवते? वर्गात विचारले तेव्हा परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे नाही असे उत्तर मिळाले, पण तो प्रश्न काही मनातून जात नाही.

दुसरा प्रश्न पदवीचा आहे. मला भौतिकशास्त्रच शिकायचे आहे. आमची टोमॅटोची शेती आहे, आणि बाबांचे म्हणणे असे की अभियांत्रिकीला गेलीस तर चार वर्षांत हाताला काम मिळेल, बी.एस्सी. केलीस तर शेवटी बी.एड.च करावे लागेल. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली आहे. गणित आवडते, परंतु सोडवायला मला इतरांपेक्षा वेळ लागतो. अशा स्थितीत मी कोणता मार्ग धरावा?

निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र

तुझा पहिला प्रश्न फार चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. रेडिओ लहर धातूच्या तारेवर पडली की तारेतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर मागेपुढे हलू लागतात, आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच नव्या लहरी सोडतात. जाळीच्या पलीकडे या नव्या लहरी मूळ लहरीला जवळजवळ पुसून टाकतात आणि अलीकडे परत फिरतात. त्यालाच आपण परावर्तन म्हणतो. जाळीचे भोक तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने जाळी आणि पत्रा यांत फारसा फरक राहत नाही.

आता आकडे घालून पाहा. आकाशातले हायड्रोजनचे अणू १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतात. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागलेस की तरंगलांबी सुमारे २१ सेंटीमीटर येते. खोडदच्या जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही लहान. १५० मेगाहर्ट्झच्या लहरी तर दोन मीटर लांबीच्या असतात, त्यांना ती भोके जाणवतही नाहीत. याउलट दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी असते, त्यामुळे १० मिलिमीटरचे भोक त्याच्या वीस हजार पट मोठे ठरते आणि तुला आभाळ दिसते. वाराही जाळीतून निघून जात असल्याने तबकडीवर त्याचा दाब कमी येतो, सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च आवाक्यात राहतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारदोरांवर जाळी बसवण्याची ही रचना केली, म्हणून अशा तीस तबकड्या आपल्याकडे उभ्या राहू शकल्या.

हे केवळ माझ्या शब्दावर मानू नकोस. घरात तारेचा उंदराचा पिंजरा आणि ज्याची अँटेना पूर्ण आत मावेल असा छोटा रेडिओ असेल, तर एखादे एफएम केंद्र लावून रेडिओ आत ठेव, दार बंद कर आणि काय होते ते वहीत लिही.

गणिताला वेळ लागतो याची चिंता करू नकोस. प्रवेश परीक्षेत घड्याळ असते, तिथे वेगाचा सराव करावाच लागेल. मात्र पुढे भौतिकशास्त्र करताना एखादे समीकरण आठवडाभर डोक्यात घोळवणारी माणसेच टिकलेली मी पाहिली आहेत. बारावीचे कलन (कॅल्क्युलस) मात्र पाठ न करता समजून घे, कारण पहिल्या वर्षापासून सगळी भिस्त त्याच्यावर असते.

आयसरचा विद्यार्थी, चौथे वर्ष

माझीही दहावी मराठी माध्यमातूनच झाली. पहिले सत्र जड गेले. विषय कळत होता, पण तास संपेपर्यंत इंग्रजी वाक्यांच्या मागे धावण्यातच दम लागत असे. दुसऱ्या सत्रापासून ती अडचण जाणवेनाशी झाली. त्या भीतीपायी तुम्ही अर्ज टाळू नका.

आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, देशात सात ठिकाणी आहेत आणि त्यांतली एक पुण्यात, तुमच्यापासून जवळच आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र असलेल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, त्यामुळे बारावीला जीवशास्त्र घेतले नसेल तर निदान शालेय पुस्तके वाचून ठेवावीत. भुवनेश्वरची नायसर ही तशीच विज्ञान संस्था आणि मुंबईत कालिन्याचे मूलभूत विज्ञान केंद्र यांच्या पाच वर्षांच्या एम.एस्सी.साठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. बाबांना हेही सांगा की मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे आणि तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे.

एम.एस्सी. भौतिकशास्त्र, सध्या प्रकाशीय उपकरणांच्या तपासणीचे काम

आयसरला प्रवेश मिळाला नाही तर वाट बंद झाली, असा समज कृपया करून घेऊ नकोस. मी तालुक्याच्या ठिकाणी साधी बी.एस्सी. केली, मग एम.एस्सी. प्रवेशाची जॅम ही परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला गेले. पण त्या तीन वर्षांचे एक दुःख अजून आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्णपटमापीचे (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचे) स्क्रू गंजून घट्ट बसले होते आणि आम्ही आधीच्या तुकडीच्या जर्नलमधली निरीक्षणे उतरवून काढत होतो. प्रिझममधून सोडियमची पिवळी रेषा मी पहिल्यांदा पाहिली ती एम.एस्सी.ला गेल्यावर, आणि तेव्हा आपल्याला कशाला मुकावे लागले होते ते कळले. म्हणून कोणतेही महाविद्यालय निवडण्याआधी त्याची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहा आणि तिथल्या मुलांना विचार की एका उपकरणावर किती जण काम करतात.

बाबांचे म्हणणेही मला चुकीचे वाटत नाही. भौतिकशास्त्राची वाट लांब आहे: पदवी, एम.एस्सी. आणि संशोधन करायचे असेल तर पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. त्या काळात पाठ्यवृत्ती मिळते, पण घरी पैसे पाठवायला उशीर होतो. तू ज्या दुर्बिणीकडे पाहत मोठी झालीस, ती चालवायला इलेक्ट्रॉनिक्सचे आणि यंत्रांचे अभियंतेही लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होत आहे, तिथेही लेसर आणि निर्वात नळ्यांची कामे भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते या दोघांनी मिळूनच करायची आहेत. तुला जाळी लहरी का परतवते हे शोधण्यात जास्त आनंद आहे की तशी जाळी बांधण्यात, एवढे स्वतःला प्रामाणिकपणे विचार.

बारावीची विद्यार्थिनी, जुन्नर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुम्ही सांगितलेला प्रयोग रविवारी केला. पिंजऱ्यात रेडिओ ठेवून दार लावले तेव्हा आवाजात खरखर आली, परंतु गाणे ऐकू येतच राहिले. मग लक्षात आले की आमच्या पिंजऱ्याच्या तळाला लाकडी फळी आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल फळीवर पसरून कडा तारांना घट्ट दाबून बसवल्या, तेव्हा नुसती खरखर उरली. बाबांनी एका बाजूची कड बोटाने थोडी उचलली, तर गाणे पुन्हा अस्पष्ट ऐकू आले आणि कड दाबली की गेले. हे त्यांनी चार वेळा करून पाहिले.

फट अगदी अरुंद होती, लांबीला मात्र वीतभर होती. तिथे फॉइल आणि तारा यांचा सांधा तुटतो, म्हणून इलेक्ट्रॉनांना पलीकडे जायला वाट राहत नसावी, असे मला वाटते. तसे असेल तर फटीच्या रुंदीपेक्षा तिची लांबी महत्त्वाची ठरेल. पुढच्या रविवारी एक बोट, चार बोटे आणि वीतभर अशा तीन लांबीच्या फटी ठेवून पाहणार आहे. आयसरच्या परीक्षेचा अर्ज भरायला बाबांनी होकार दिला आहे. सीईटीचाही भरते आहे.