विमानातून लेसरने वारा मोजतात तो नक्की कसा?

वाराभरारी: डॉप्लर लायडारबद्दल वाचतोय, विमानातून खाली लेसर सोडायचा आणि मधल्या हवेतला वारा मोजायचा. दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. हवा तर पारदर्शक, मग उजेड परत येतो कशावरून? आणि विमान स्वतःच सेकंदाला २०० मीटरने पळतंय, त्यात वाऱ्याचा १ मीटर कसा कळणार?

धूलिकण: धूळ, धूर, समुद्री मिठाचे कण, जे काही तरंगत असतं त्यावरून येतो. हे कण वाऱ्याबरोबरच वाहतात, म्हणून त्यांचा वेग तोच वाऱ्याचा. हलत्या कणावरून परतलेल्या उजेडाची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते, हाच डॉप्लर परिणाम. २ मायक्रॉन तरंगलांबीच्या लेसरला बीमच्या दिशेत सेकंदाला १ मीटर वेगामागे ती १ मेगाहर्ट्झने सरकते, मूळ फ्रिक्वेन्सी १५० टेराहर्ट्झ, म्हणजे १५ कोटींत एक भाग! ती थेट मोजत नाहीत, परतलेला उजेड दुसऱ्या स्थिर लेसरमध्ये मिसळून दोघांतला फरक मोजतात, तेवढा इलेक्ट्रॉनिक्सला झेपतो. कण किती अंतरावर आहे ते वेळेवरून कळतं, उजेडाला जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद लागला म्हणजे १५० मीटर.

तिरकी_नजर: विमानाचा वेग वजा करणं हीच खरी डोकेदुखी आहे. सरळ खाली रोखलेला बीम १ अंशाने जरी पुढे कलला तरी विमानाच्याच वेगातले साडेतीन मीटर वारा म्हणून घुसतात. जीपीएस आणि जायरो (विमानाचा कल मोजणारं यंत्र) असतातच, पण मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे जमिनीवरून येणारा सिग्नल. जमीन हलत नाही ना, मग सगळं वजा केल्यावर तिचा वेग शून्य यायलाच हवा, नाही आला तर बीम किती चुकलाय ते तिथेच कळतं. आणि एका बीमने फक्त त्याच्याच दिशेचा वारा मिळतो म्हणून तो तिरका धरून शंकूसारखा फिरवतात, मग वेगवेगळ्या दिशांवरून पूर्ण वारा काढतात.

वाराभरारी: जमिनीचं भारीच! पण हवा एकदम स्वच्छ असेल, कणच नसतील तर?

धूलिकण: मग २ मायक्रॉनवाला हात टेकतो. तिथे ३५५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट लेसर लागतो, तो हवेच्या रेणूंवरूनच परततो. पण रेणू उष्णतेने सैरावैरा धावतात, सिग्नल फार पसरट येतो, त्याचा मध्य शोधायला बारीक ऑप्टिकल फिल्टर लावतात. युरोपच्या एओलस या वारा मोजणाऱ्या उपग्रहात हेच होतं, २०१८ ला सोडलेला. त्याची विमानातली प्रतिकृती जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संस्थेने आपल्या फाल्कन विमानात बसवली आणि सोबत २ मायक्रॉनवालाही ठेवला, पडताळणीसाठी. दाट ढग आला की मात्र दोघांनाही खालचं काही दिसत नाही, तिथे ड्रॉपसोंडच (विमानातून पॅराशूटने सोडायचं हवा मोजणारं छोटं यंत्र) टाकावा लागतो.