ॲरेलिस्ट : लवचीक यादी की वाढती यादी?

पाटीपेन्सिल : बीसीएच्या मुलांसाठी जावाच्या नोट्स मराठीत लिहितेय. साध्या ॲरेची (घटक ओळीने ठेवायच्या जागांची) लांबी बनवतानाच ठरते, ॲरेलिस्ट या जावातल्या तयार यादीची नाही, म्हणून तिला 'लवचीक यादी' म्हटलंय. चालेल ना? शिवाय साइज (आत किती घटक आहेत) आणि कपॅसिटी (किती मावतील), दोन्हींना 'आकार' म्हणू का?

उंबरकर : 'लवचीक' नको. लवचीक वस्तू सोडली की पूर्ववत होते. ही होत नाही. हजार घटक घाला, सगळे काढा, यादी ज्यात घटक ठेवते तो आतला ॲरे तेवढाच मोठा राहतो. ट्रिमटूसाइज ही मेथड (यादीला द्यायची आज्ञा) तुम्ही स्वतः बोलावली तरच तो आटोपशीर होतो. 'वाढती यादी' म्हणा.

जुनाखोड : सहमत. फक्त आतला ॲरे ताणला जातो असं मुलांना वाटू देऊ नका. वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तसं आहे हे: थोडा ढगळ, आणि तोही अपुरा पडला की उसवत बसायचं नाही, नवा शिवायचा. ओपनजेडीकेत (जावाच्या मुक्त आवृत्तीत) पहिला घटक घातला की १० जागांचा ॲरे मिळतो. तो भरला की दीडपट मोठा नवा ॲरे, जुन्यातलं सगळं त्यात कॉपी, जुना गार्बेज कलेक्टरकडे, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेकडे. १०, १५, २२, ३३, ४९ असं ते चढत जातं.

पाटीपेन्सिल : एवढी कॉपी म्हणजे महागच की!

जुनाखोड : हिशेब करून बघा. दर खेपेला दहाच जागा वाढवल्या असत्या, तर लाख घटकांसाठी जवळपास दहा हजार वेळा कॉपी झाली असती. दीडपटीने २३ वेळांत भागतं. लाखभर घटक येणार हे आधीच माहीत असेल तर कन्स्ट्रक्टरलाच (यादी बनवतानाच) तो आकडा द्या, तेवढंही वाचेल.

उंबरकर : पण तिथेच मुलं अडकतात! १०० कपॅसिटी देऊन यादी बनवतात आणि गेट(०) करतात, म्हणजे पहिला घटक मागतात. एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येतं, कारण जागा शंभर असल्या तरी साइज शून्य. म्हणून दोन्हींना 'आकार' अजिबात नको. साइज म्हणजे घटकसंख्या, कपॅसिटी म्हणजे क्षमता.

पाटीपेन्सिल : पटलं. घटक काढणाऱ्या रिमूव्ह मेथडला 'काढणे' ठीक ना?

उंबरकर : ठीक, पण इंटिजरची (पूर्णांकांची) यादी असेल तर 'पाच काढा' एवढंच लिहू नका. रिमूव्ह(५) लिहिलं तर ५ या स्थानावरचा घटक जातो. ५ ही किंमत काढायची तर नुसता आकडा नाही, इंटिजर ऑब्जेक्टच द्यावा लागतो.

जुनाखोड : आणि 'पाचवा घटक' असंही नको. मोजणी शून्यापासून, म्हणजे ५ या स्थानावर आपल्या बोलीतला सहावा बसलेला असतो. सरळ 'स्थान ५' लिहा.