लंडन: सासू-सासरे आणि लेकीसोबत जुन्या पबांची फेरी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही पाच जण लंडनला जातोय. मी, नवरा, 15 वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासरे शाळेत इतिहास शिकवायचे. म्युझियमं तर बघूच, पण जुन्या पबांत एक संध्याकाळ घालवायचीच, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. ते अधूनमधून बिअर घेतात. सासूबाई शिवत नाहीत, पण "मी हॉटेलवर एकटी बसणार नाही, मलाही बघायचंय" म्हणाल्या. मला ते फार आवडलं. म्हणूनच ही संध्याकाळ पिणाऱ्या दोघांची न होता पाचही जणांची व्हायला हवी.

नकाशा घेऊन बेत आखलाय. सुरुवात लंडन ब्रिजजवळच्या जॉर्ज इनपासून. 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ही जुनी सराई आता नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. लाकडी सज्जांची एकच बाजू उरलीय, पण अंगणात बाकं आहेत. तिथून थेम्सच्या काठाने चालत, ब्लॅकफ्रायर्सचा पूल ओलांडून द ब्लॅक फ्रायर. आत संगमरवर आणि भिंतींवर तांब्याच्या पत्र्यात कोरलेले ख्रिस्ती साधू, काम 1905 च्या सुमाराचं. शेवटी फ्लीट स्ट्रीटवरचं ये ओल्ड चेशायर चीज, 1666 च्या मोठ्या आगीनंतर लगेच, 1667 मध्ये बांधलेलं. त्याच्या बोळात तेव्हापासूनच्या राजा-राण्यांची यादी लावलेली आहे. सासरे तिथून लवकर हलतील असं वाटत नाही! एकूण चाल अडीच किलोमीटरच्या आसपास. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे मध्ये नदीकाठी बसत बसत जाऊ.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी खाण्यापिण्याची. आम्ही सगळे शाकाहारी. हँडपंपाने ओढतात त्या पारंपरिक एलमध्ये (हा बिअरचाच एक प्रकार) गाळ खाली बसवायला पुष्कळदा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयझिंग्लास वापरतात, असं वाचलं. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते एकदम गप्प झाले. गिनेस या आयरिश बिअरवाल्यांनी तो वापर बंद केलाय, म्हणजे एक सोय झाली. पण स्थानिक एल घ्यायचीच असेल तर बारवर नेमकं काय विचारायचं? तिथल्या माणसाला हे माहीत असतं का? तेच चिप्सचं (तिकडे बटाट्याच्या जाड फ्राइजना चिप्स म्हणतात). मासे तळलेल्याच तेलात तळलेल्या असतील तर सासूबाई हात लावणार नाहीत. वेगळी कढई आहे का, असं विचारलेलं चालतं ना?

दुसरं लेकीचं. 16 च्या आतल्या मुलांसोबत मोठं माणूस हवं, एवढं कळलं. पण प्रत्येक पबचे नियम वेगळे असतात आणि ठरावीक वेळेनंतर मुलांना बसू देत नाहीत, असंही ऐकलं. या तीन ठिकाणी मुलांसह संध्याकाळी कोणी बसलंय का?

तिसरं, वार कुठला? गुरुवार-शुक्रवारी ऑफिसं सुटली की लोक ग्लास घेऊन फुटपाथवर उभे असतात म्हणे, आणि शनिवार-रविवारी 'सिटी' म्हणतात त्या बँका-ऑफिसांच्या भागातले बरेच पब बंद. मला सोमवार किंवा मंगळवार बरा वाटतोय. पाचला सुरुवात केली तर जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड मिळेल.

पिण्याचं प्रमाण मीच ठरवलंय: प्रत्येक ठिकाणी हाफ पिंट, म्हणजे 284 मिली, आणि शेवटच्या ठिकाणी जेवण. लेक आणि सासूबाईंसाठी बिनदारूची जिंजर बिअर किंवा एल्डरफ्लॉवर या फुलांचं सरबत.

कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर दोन गोष्टी नक्की सांगा. टेबल आधी राखून ठेवता येतं का? आणि चेशायर चीजमध्ये तळघरात न उतरता, तळमजल्यावरच निवांत बसायला जागा मिळते का? तिथले जिने अरुंद आहेत असं वाचल्यापासून मला त्याचीच काळजी लागून राहिलीय.