मदत हवी आहे: घर रंगवायला रोलर कोणता घ्यावा? जुना पुन्हा वापरता येईल का? (इंदूर)

इंदूरला लोकमान्यनगरात दोन खोल्या दिवाळीआधी घरीच रंगवायच्या आहेत. पुट्टी आणि प्रायमर झालं आहे, आता प्लास्टिक इमल्शनचे दोन हात द्यायचे. छत पांढरं, भिंती फिकट पिस्ता. शिवाय दोन दारांना ऑइल पेंट. माळ्यावर मागच्या खेपेचे नऊ इंची दोन रोलर आहेत. एकाची टोकं कडक झाली आहेत, दुसरा वरून मऊ लागतो पण दाबला की आत टणक. सियागंजात स्पंजचा, पांढऱ्या लोकरीसारखा आणि बारीक केसांचा मायक्रोफायबर असे तीन प्रकार मिळतात. कोणता घ्यावा? जुने दोन वाचतील का? पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मधे रोलर धुवायलाच हवा का?

प्रतिसाद १

ताई, जुने दोन्ही भिंतीला लावू नका. इमल्शन वाळताना पाणी उडून जातं आणि राळेचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. तो परत पाण्यात विरघळत नाही. थिनरने रंग थोडा सुटेल, पण केस नळीला धरून ठेवणारा गोंदही सुटेल. आत टणक असलेला रोलर रंग कमी पितो, तोही एका बाजूला जास्त, आणि दर फेऱ्याला भिंतीवर तोच चट्टा उमटतो.

नवा घेताना आधी केसांची लांबी बघा. पुट्टीच्या गुळगुळीत भिंतीला ९ ते १२ मिलिमीटर पुरे. बाहेरच्या खरबरीत प्लास्टरला १८ ते २०, नाहीतर खळग्यांत रंग पोचत नाही. लांब केस गुळगुळीत भिंतीवर वापरले की संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठतात. तुम्हाला मायक्रोफायबर घ्या. स्पंज इमल्शनला नकोच, तो हवा धरतो आणि भिंतीवर बुडबुडे फुटून बारीक छिद्रं राहतात.

मग रिफिल (दांड्यावर चढवायचा केसांचा भाग) हातात घेऊन आतली नळी बघा. पुठ्ठ्याची असली तर दोन धुण्यांत फुगून सुटते; प्लास्टिकचीच घ्या. केस चिमटीत धरून ओढा, पाच-सहा हातात आले तर ठेवून द्या. चांगल्या रिफिललाही सुरुवातीला थोडे सुटे केस असतातच. मास्किंग टेप गुंडाळून उचकटा, साबणाच्या पाण्यात धुवा, पिळून जवळजवळ कोरडी करा आणि मगच रंगात घाला. किंचित ओलसर रिफिल रंग सारखा पिते.

प्रतिसाद २

दोन हातांच्या मधे धुवू नका. इमल्शनच्या दोन हातांत साधारण चार तासांचं अंतर असतं (डब्यावरचं वाचा). तेवढ्यासाठी धुतलं तर रंगही वाया आणि रिफिलमध्ये पाणी राहून दुसरा हात पातळ बसतो. रिफिलवर प्लास्टिकची पिशवी घट्ट चढवा, हवा दाबून काढा, तोंडाला रबर लावा आणि सावलीत ठेवा. रात्रभर राहतं. पावसाळा सरल्यावर आपल्याकडची हवा कोरडी होते, पंख्याखाली उघडा ठेवलेला रोलर अर्ध्या तासात कडेने धरायला लागतो. तुमच्या जुन्याची टोकं बहुधा अशीच कडक झाली असावीत.

धागाकर्ती

धन्यवाद. काम संपल्यावर धुण्याचं नीट सांगाल का? आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोरिंग. आणि रोलरच्या दोन्ही कडांनी रुळांसारख्या रेघा उठतात, त्या कशाने?

प्रतिसाद १

रेघा दाबल्यामुळे. रंग संपत आला की हात आपोआप जोर लावतो आणि आतला रंग कडांतून बाहेर पडतो. ट्रेच्या फक्त खोलगट भागात रंग ओता, उतारावर पाच-सहा वेळा फिरवा, थेंब गळणार नाही इतपत. भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांच्या पट्ट्यात आधी तिरपा पसरा, मग वरून खाली हलक्या हाताने, निम्मा पट्टा दर वेळी झाकत ओढा. कोपरे दोन इंची ब्रशने आधी काढायचे, पण एका वेळी एकाच भिंतीचे. कोपरा वाळला की त्याची चौकट दिसते.

धुणं असं. आधी पुट्टीच्या पत्तीने रिफिल डब्याच्या तोंडावर घासून रंग परत काढा, भरपूर निघतो. मग अर्ध्या बादलीत चमचाभर भांड्यांचा साबण टाकून दाबत धुवा. बोटांनी केस विंचरा, रंग मुळाशी बसलेला असतो. दोन-तीन बादल्या, पिळल्यावर पाणी नितळ येईपर्यंत. हे सगळं बोरिंगवर चालेल, शेवटची बादली मात्र नर्मदेच्या पाण्याची ठेवा. जड पाण्याचे क्षार केसांत वाळले की ते ताठ होतात. वाळवताना उभी ठेवा. आडवी ठेवली तर एका बाजूचे केस चेपतात.

प्रतिसाद ३

दारांसाठी वेगळा घ्या, चार इंची, दाट स्पंजचा किंवा अगदी आखूड केसांचा. हलका स्पंज थिनरमध्ये फुगून चुरा होतो. ऑइल पेंटचा रोलर टर्पेंटाइनमध्ये दोनदा धुवावा लागतो, आणि तेवढं टर्पेंटाइन त्या छोट्या रिफिलपेक्षा महाग पडू शकतं. दोन दारांनंतर टाकून दिला तरी चालेल. एकदा ऑइल पेंटला वापरलेला रोलर इमल्शनला कधीच नको, तेलाचे डोळे (रंग न धरणारे गोल ठिपके) उठतात. पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका. वाळताना ती आपोआप तापतात, पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा आणि कचरागाडीत घातक कचऱ्याच्या डब्यात द्या.

धागाकर्ती

म्हणजे मायक्रोफायबरच्या नऊ इंची दोन रिफिल घेते, एक छताला, एक भिंतींना.

प्रतिसाद १

बरोबर. रंगीत रिफिल कितीही धुतली तरी पांढऱ्यात छटा सोडते. छत आधी करा. जुन्या दोनपैकी मऊ असलेला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावून बघा, तिथे चट्टे चालतात.